पीसीबीवर स्क्रूने पार्ट पक्के कसे बसवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत कुपवाड एमआयडीसीजवळ आमचं छोटं युनिट आहे. मोटर स्टार्टर, ठिबक ऑटोमेशन आणि वजनकाट्यांचे बोर्ड (पीसीबी, म्हणजे पार्ट सोल्डर केलेली सर्किटची पाटी) आम्ही बनवतो, त्याहून जास्त दुरुस्त करतो. वायरमन, डिप्लोमाची मुलं आणि कधीकधी थेट रानात पॅनेलसमोर उभे असलेले शेतकरी व्हॉट्सॲपवर फोटो टाकून विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एका जागी आणले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर.

१. पाय सोल्डर केलेत ना, मग वर स्क्रू कशाला?

कथिल वीज वाहून न्यायला असतं, वजन पेलायला नाही. ते मऊ असतं आणि सतत हिसके बसले की थकतं. तासगावकडच्या एका विहिरीवरचा स्टार्टर वर्षात तीनदा आमच्याकडे आला. दरवेळी एकच तक्रार: मध्येच बंद पडतो, दारावर थाप मारली की चालू होतो. बोर्ड पॅनेलच्या दारावर होता आणि हात भरलेले असले की मालक दार कोपराने ढकलायचे. भिंगाखाली बोर्ड तिरका धरला तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या दोन पायांभोवती केसाएवढी गोल भेग दिसली. ट्रान्सफॉर्मरच्या कानांना भोकं होती, पण कुणी स्क्रू लावलेच नव्हते. आम्हीही पहिल्या दोन वेळा नुसतं पुन्हा सोल्डर करून दिलं, ती चूक आमची. तिसऱ्यांदा दोन स्क्रू लावले. त्यानंतर तो बोर्ड परत आलेला नाही.

ट्रान्सफॉर्मर, चोक, मोठा हीटसिंक (पार्टची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा), जाड कपॅसिटर (हा क्लॅम्पने) आणि ज्याला माणूस हाताने ओढतो किंवा दाबतो असं काहीही, म्हणजे टर्मिनल पट्टी, सॉकेट, मोठा स्विच, यांना स्क्रूचा आधार हवाच. रेझिस्टर-डायोडला याची गरज नाही.

२. कुठल्या मापाचा स्क्रू घ्यायचा आणि भोक केवढं पाडायचं?

बहुतेक कामाला एम३ (३ मिमी जाडीचा मेट्रिक स्क्रू) पुरतो. त्याला ३.२ मिमीचं भोक, एम२.५ ला २.७ आणि एम४ ला ४.३. एम४ फक्त जड ट्रान्सफॉर्मरसाठी.

लांबी अंदाजाने घेऊ नका, बेरीज करा. बोर्ड १.६ मिमी, दोन्ही बाजूंना साधा वायसर प्रत्येकी ०.५, स्प्रिंग वायसर ०.८, नट २.४. झाले ५.८. म्हणजे ८ मिमीचा स्क्रू घेतला की नटाबाहेर दोनेक मिमी उरतो आणि तेवढंच हवं. पितळी स्पेसरमध्ये (बोर्ड पेटीपासून उचलून धरणाऱ्या आटेवाल्या खुंटीत) जाणार असेल तर ६ चा चालतो, कारण निदान ३ मिमी आटे आत धरले जातात.

दुकानातून सुटे स्क्रू घेताना एक फसगत नेहमीची. एम३ च्या डब्यात १/८ इंची स्क्रू मिसळलेले असतात. दिसायला जुळे भाऊ, पण एम३ चा आटा ०.५ मिमीचा आणि इंचीला एका इंचात ४० आटे, म्हणजे सुमारे ०.६४ मिमीचा. इंची स्क्रू एम३ च्या नटात दोन वेढे जातो आणि मग अडतो. अडला की जोर लावू नका, काढून टाका. जोराने गेला तर स्पेसर कायमचा बाद.

३. वायसर कुठला कुठे? स्प्रिंगवाला बोर्डाला टेकवायचा का?

नाही. क्रम असा: स्क्रूचं डोकं, मग स्प्रिंग वायसर, मग साधा वायसर, मग बोर्ड. स्प्रिंग वायसरची कापलेली धार थेट बोर्डावर आली की आवळताना हिरवा थर खरवडते आणि खालचा ट्रॅक (वीज वाहणारी तांब्याची पट्टी) उघडा पाडते. एम३ चा साधा वायसर ७ मिमी रुंद असतो, म्हणजे भोकाच्या मध्यापासून साडेतीन मिमीत ट्रॅक नको. असेल तर प्रश्न ११ बघा.

४. किती आवळायचं? आमचा माणूस म्हणतो कचकचून.

त्या माणसाला पंपाच्या फ्लँजवर पाठवा. एम३ ला बोर्डावर अर्धा न्यूटन-मीटर पुरे, म्हणजे साधारण ५ किलो-सेंटीमीटर. टॉर्क ड्रायव्हर नसेल तर बारीक मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि तो मुठीत न धरता अंगठा आणि दोन बोटांत धरा. स्प्रिंग वायसरचं तोंड मिटून सपाट झालं की वर एक अष्टमांश वेढा, बस. बॅटरीवरची स्क्रू गन वापरत असाल तर क्लच सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवा आणि शेवटचा वेढा हाताने द्या.

जास्त आवळलं तर लगेच काही दिसत नाही, म्हणूनच लोक आवळतात. एफआर-४ बोर्ड म्हणजे काचेचं कापड आणि रेझिन. दाबाखाली, त्यातही उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या पेटीत, रेझिन हळूहळू दबत जातं आणि महिन्याभराने तोच कचकचून आवळलेला स्क्रू सैल सापडतो. तांब्याचा थर जेमतेम ३५ मायक्रॉनचा, तो सुरकुततो किंवा उचलला जातो.

चार स्क्रू असतील तर आधी चारही हलके टेकवा, मग कर्णात आवळा. गाडीचं चाक बसवतात तसंच. आणि एम३ च्या स्टार डोक्याला एक नंबरचं टोक लागतं. दोन नंबरचं खाचेत नीट बसत नाही, घसरतं आणि डोकं खातं.

५. आधी सोल्डर की आधी स्क्रू?

आधी स्क्रू. पाय भोकातून घाला, पार्ट स्क्रूने पूर्ण आवळा, मगच कथिल लावा. आधी सोल्डर करून नंतर आवळलं तर पार्ट अर्धा-पाऊण मिमी तरी सरकतो. हा सरकलेला ताण जातो कुठे? पायात आणि सांध्यात. तो तिथे स्प्रिंगसारखा अडकून राहतो आणि प्रश्न १ मधली गोल भेग तयार करतो.

दुरुस्तीत क्रम उलटा झालाच, तर आवळून झाल्यावर त्या पार्टचे सगळे सांधे एकदा पुन्हा वितळवून घ्या. पाय स्वतःच्या जागी येतो, ताण सुटतो. एवढ्या एका गोष्टीसाठी आम्ही पोरांना दहादा परत पाठवलं आहे.

६. हीटसिंकवर ट्रान्झिस्टर बसवताना अभ्रक, बुश, पेस्ट यांचं नेमकं काय करायचं?

सगळ्यात जास्त बोर्ड जळतात ते इथे, म्हणून जरा सविस्तर.

टीओ-२२० आकाराच्या मॉसफेटची (हा ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) धातूची पाठ बहुतेक वेळा मधल्या पायाला, म्हणजे ड्रेनला, आतून जोडलेली असते. ती थेट हीटसिंकला लावली तर हीटसिंकही तेवढ्याच व्होल्टेजवर जातो. २३० व्होल्ट रेक्टिफाय केले की ३२५ व्होल्ट डीसी होतात, तेव्हा हा हलका विषय नाही. मेन स्विच काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. तो मोजल्याशिवाय हात घालू नका.

पाठ वेगळी ठेवायची तर दोन गोष्टी एकदम लागतात. पाठ आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रक किंवा सिलिकॉन पॅड, आणि स्क्रूभोवती प्लॅस्टिकचा बुश. पुष्कळ जण अभ्रक घालतात, बुश विसरतात. मग स्क्रूच सगळी वीज पलीकडे नेतो आणि अभ्रक बिचारं मधे नुसतं बसून राहतं.

अभ्रक असेल तर दोन्ही बाजूंना थर्मल पेस्ट, पण पोळीला तूप लावतो तेवढीच. थापायची नाही. पेस्टचं काम बारीक खड्ड्यांतली हवा घालवणं एवढंच. जाड थर उष्णतेला अडवतो. सिलिकॉन पॅड असेल तर पेस्ट लावायचीच नाही. हीटसिंकच्या भोकाची धार मोठ्या ड्रिल बिटने हाताने दोन वेढे फिरवून काढून घ्या, नाहीतर तोच बारीक कंगोरा अभ्रक भोसकतो.

आवळणं इथेही अर्धा न्यूटन-मीटरच्या आसपास. बहुतेक डेटाशीटमध्ये टीओ-२२० ला १.१ ही कमाल मर्यादा असते, ती गाठायची नसते. पाठ वाकली तर आतली सिलिकॉनची चकती तडकते.

टीओ-२४७ मध्ये भोक प्लॅस्टिकमधून जातं, त्यामुळे बुश सहसा लागत नाही. पण पाठ तशीच जिवंत असते, पॅड लागतोच.

शेवटी मीटर बझरवर ठेवून एक टोक ट्रान्झिस्टरच्या पाठीला, दुसरं हीटसिंकच्या उघड्या धातूला. बझर वाजता कामा नये. ॲनोडाइझ केलेल्या काळ्या रंगावर टोक ठेवलं तर मीटर खोटंच सांगेल, तेव्हा कडेला खरवडा. मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) असेल तर पार्ट बोर्डाला सोल्डर करण्यापूर्वी तिन्ही पाय एकत्र बांधून ५०० व्होल्टला तपासा. सर्किटमध्ये असताना मेगर लावाल तर बाकीचे पार्ट उडवाल.

७. पंपाजवळ, हळद पॉलिशच्या ड्रमजवळ स्क्रू आपोआप सुटतात. स्प्रिंग वायसर लावूनही.

सुटणारच. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिलं की आडवा थरथराट असेल तर आट्यांमधलं घर्षण क्षणभर जवळजवळ नाहीसं होतं आणि स्क्रू स्वतःहून उलटा फिरत जातो. अशा थरथराटात स्प्रिंग वायसर फारसा कामाचा नाही. आम्ही तो लावतो, कारण बोर्ड दबला तर थोडी भर निघते आणि किती आवळलं ते डोळ्यांना दिसतं. कुलूप म्हणून त्याच्यावर भरवसा नाही.

खरे उपाय तीन. नट असेल तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला). तो साध्यापेक्षा उंच असतो, म्हणून लांबीची बेरीज पुन्हा करा आणि उघडला की शक्यतो नवा लावा. धातूच्या स्पेसरमध्ये स्क्रू असेल तर निळा, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव), एक थेंब. लाल नको, तो उघडताना रडवतो. तिसरा उपाय म्हणजे बोर्डापर्यंत थरथर जाऊच न देणं: पेटी ड्रमच्या अंगावरून काढून भिंतीवर लावा. तिघांत हाच सगळ्यात स्वस्त आणि हाच कुणी करत नाही.

थ्रेडलॉकर प्लॅस्टिकला लागू देऊ नका. एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला त्याने तडे जातात, तेही दोन दिवसांनी, गिऱ्हाइकाच्या घरी. आवळून झाल्यावर डोक्यावरून बोर्डावर उतरणारी नेलपॉलिशची एक रेघ ओढा. पुढच्या फेरीला रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू फिरलाय.

८. प्लॅस्टिकच्या पेटीतले आटे गेले. आता?

आटे का जातात, ते आधी समजून घ्या. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू स्वतःचे आटे पाडतो. दुसऱ्यांदा लावताना जुन्या आट्यांत बसला नाही तर तो नवे पाडतो, आणि दोनतीन वेळा असं झालं की आत भुगा उरतो. म्हणून स्क्रू भोकावर ठेवून आधी उलटा फिरवा. एका जागी तो ‘टक्’ करून किंचित खाली बसतो. तिथून सुलटा फिरवला की लोण्यात गेल्यासारखा जातो.

खरंच गेले असतील आणि खाली जागा असेल, तर थोडा लांब स्क्रू तळाचे ताजे आटे पकडतो. नाहीतर एम३ चा पितळी इन्सर्ट (आत आटे असलेली छोटी नळी) सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने तापवून दाबून बसवा. सरळ गेला पाहिजे. तिरका गेला तर बोर्ड चार भोकांवर बसणार नाही आणि तुम्ही थेट पुढच्या प्रश्नात याल.

९. तीन स्क्रू बसतात, चौथा ओढून बसवावा लागतो. चालेल?

चालणार नाही. ओढून म्हणजे बोर्ड वाकवून. काचतंतूंचा बोर्ड वाकतो, पण त्यावरचे चपटे सिरॅमिक कपॅसिटर वाकत नाहीत, तडकतात. तडा बाहेरून दिसत नाही.

आम्ही स्वतः हे केलंय. मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याच्या काट्याचा बोर्ड. तीन स्पेसर १० मिमीचे लागले आणि चौथा डब्यातून चुकून १२ चा आला. टेबलावर काटा बरोबर चालला. आठवड्याने फोन: रिकामा काटा २० ग्रॅम दाखवतोय. जाऊन बघितलं तर बोर्डाच्या त्या कोपऱ्यावर बोट दाबलं की शून्य, सोडलं की पुन्हा २०. भोकापासून ४ मिमीवरच्या कपॅसिटरला तडा गेला होता. पार्ट दीड रुपयाचा, आमचे दोन हेलपाटे.

तेव्हा चौथ्या भोकाखाली वर-खाली फट दिसली तर पातळ वायसर भरून उंची जुळवा. भोक बाजूला सरकलेलं असेल तर पत्र्यातलं भोक कानसीने लांबट करा, बोर्डातलं नाही. बोर्ड स्वतः डिझाइन करत असाल तर असे कपॅसिटर स्क्रूच्या भोकापासून आणि कडेपासून लांब ठेवा.

१०. बोर्डाच्या स्क्रूमधूनच अर्थिंग मिळतं का?

नॉइजसाठी ग्राउंड पेटीला जोडायला मिळू शकतं, जर भोकाला तांब्याचा पॅड आणि पेटीचा उघडा धातू असेल तर. पण पेट्या पावडर कोटिंगच्या असतात आणि पावडर कोटिंग इन्सुलेटर आहे. तिथे दातेरी वायसर लावा. त्याचे दात रंग फोडून धातूला भिडतात. आवळल्यावर मीटरने मोजा.

माणसाच्या जिवासाठीचं अर्थिंग मात्र बोर्डाच्या स्क्रूवर कधीच सोडू नका. त्याला पेटीवर स्वतंत्र स्टड, स्वतंत्र लग आणि हिरवी वायर.

११. स्क्रूच्या डोक्याखाली ट्रॅक येतोय. वर हिरवा थर आहे, मग काय बिघडतं?

हिरवा थर कथिल पसरू नये म्हणून असतो. इन्सुलेशन म्हणून त्याला धरायचंच नाही. डोकं एकदा फिरलं की खरवडतो. कमी व्होल्टेजचा ट्रॅक असेल तर फायबरचा किंवा नायलॉनचा वायसर घाला. मेन लाइनचा ट्रॅक असेल तर वायसरवर भागवू नका. आम्ही मेन आणि पेटीला जोडलेला स्क्रू यांच्यात ८ मिमी मोकळं ठेवतो. तेवढी जागा नसेल तर नायलॉनचा स्क्रू आणि नायलॉनचा स्पेसर. नायलॉनचा एम३ नुसत्या बोटांनी आवळायचा. त्याला पोलादाच्या पाचवा हिस्साही जोर सोसत नाही. हीटसिंकजवळ तो मऊ पडतो, तिथे नको.

१२. काउंटरसंक डोक्याचा स्क्रू छान सपाट बसतो, तो लावू का?

नको. त्याचं शंकूसारखं डोकं भोकात पाचरीसारखं घुसतं आणि बोर्ड भोकापासून चिरतो. सपाट बुडाच्या डोक्याचाच घ्या.

१३. टर्मिनलमध्ये वायर घालण्यापूर्वी टोकाला कथिल लावतो. सगळेच लावतात.

सगळेच लावतात आणि सगळ्यांचीच टर्मिनलं जळतात. दाबाखाली कथिल हळूहळू वाहतं, म्हणजे आज घट्ट बसलेली वायर महिन्याभरात सैल. सैल झाली की सांधा तापतो, तापला की आणखी सैल. मोटरच्या करंटला पिवळट पडलेलं टर्मिनल दिसतं ते यामुळेच. तारांच्या टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) दाबून घाला, रिंग टर्मिनल असेल तर थिंबल क्रिम्प करा. काही नसेल तर नुसत्या तारा नीट पिळून घाला, त्या कथलापेक्षा बऱ्या.

हाच नियम बोर्डावरच्या भोकालाही आहे: स्क्रूखालच्या पॅडवर कथलाचा फुगवटा ठेवू नका.

१४. हवं तिथे भोक नाही. बोर्डात नवं पाडू का?

बोर्ड उजेडासमोर धरा. दोन्ही बाजूंचे ट्रॅक दिसतात आणि मधली जागा आरपार उजळते, तर बोर्ड दोन थरांचा आहे. मोकळ्या जागी पाडता येईल. आत गडद पट्टे दिसले तर चार थर आहेत, तिथे ड्रिल लावू नका. आतले थर एकमेकांना शॉर्ट होतील. खाली लाकडाचा तुकडा, धारदार बिट, हलका हात आणि तोंडाला मास्क. ती पांढरी धूळ काचेची असते.

१५. पुरात बुडालेल्या पॅनेलचे स्क्रू गंजून बसलेत. कसे काढायचे?

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आम्ही महिनोन्‌महिने हेच केलं. कृष्णेचा गाळ आधी पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. गाळ खाचेत असताना ड्रायव्हर लावला की डोकं पहिल्या झटक्यात जातं. मग गरम सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर धरा आणि थंड होऊ द्या. फुगून-आकसून गंजाची पकड सुटते. यानेच निम्म्याहून जास्त निघतात. ड्रायव्हर घसरत असेल तर मधे रुंद रबर बँडचा तुकडा ठेवून दाबून फिरवा. तरी नाही, तर बारीक करवतीने डोक्यात आडवी खाच पाडा. गंज सोडवायचं तेल बोर्डावर फवारू नका. ते रिले आणि टर्मिनलमध्ये शिरतं.

परत बसवताना स्टेनलेसचे लावा. साताऱ्याच्या घाटमाथ्यावर, महाबळेश्वर-बामणोलीकडे जाणाऱ्या बोर्डांना आम्ही दुसरे लावतच नाही. एक मात्र: स्टेनलेसच्या नटात स्टेनलेसचा स्क्रू जोराने पळवला तर आटे एकमेकांत चिकटून बसतात. हळू फिरवा, किंवा नट पितळी घ्या.

१६. एलईडीचा ॲल्युमिनियमचा बोर्ड. स्क्रू लावला की अर्धे दिवे बंद.

स्क्रूचं डोकं वरच्या ट्रॅकला आणि खालच्या ॲल्युमिनियमला एकदम टेकतंय. बारीक डोक्याचा स्क्रू आणि नायलॉनचा वायसर. खाली पेस्ट, प्रश्न ६ प्रमाणे पातळ.

१७. आवळताना स्क्रू पॅनेलमध्ये पडला, सापडत नाही. चालू केलं तर चालेल का?

नाही. सापडेपर्यंत मेन बंद. चुंबक फिरवा, पण पितळी स्क्रू चुंबकाला लागत नाही आणि स्टेनलेसचाही बहुतेक लागत नाही, म्हणून चुंबक रिकामा आला म्हणजे आत काही नाही असं धरू नका. कॉन्टॅक्टरचं वरचं तोंड, टर्मिनल पट्टीच्या खाचा आणि केबल शिरते त्या ग्लँडचा खळगा हे तीन कोपरे आधी बॅटरीने बघा. नाहीच दिसला तर बोर्ड सोडवून पालथा करा आणि पाठीवर बोटांनी ठोका. आम्ही उघडलेले स्क्रू स्टीलच्या डब्याच्या झाकणात मोजून ठेवतो आणि बसवताना परत मोजतो. एकदा एक कमी भरला, तासभर सगळं पॅनेल उपसलं, आणि निघाला तो माझ्या चपलेच्या तळव्यात रुतलेला.